‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ट’

इंग्रजी व्याकरणाचा तक्ता पाठ करताना ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ अशी ठेक्यात चाललेली गाडी ‘गुड’पाशी हमखास अडखळते, कारण तेथे ‘गुडर’ न येता ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ येतात. मराठीत ‘त्याच्यापेक्षा उंच’, ‘सर्वांत उंच’ एवढ्यावर काम भागत असल्याने हा सारा खटाटोप आपल्याला परका वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्याच घराण्यातला आहे.

संस्कृतात तुलनेसाठी प्रत्ययांच्या दोन जोड्या होत्या. ‘तर’ आणि ‘तम’ या जोडीवरून आपला ‘तारतम्य’ हा शब्द आला. दुसरी जोडी ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ यांची. ‘टॉलेस्ट’च्या शेवटी ऐकू येणारा ‘एस्ट’ आणि हा ‘इष्ठ’ एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ यांचेही मूळ एकच असल्यामुळे ‘स्वीटेस्ट’ व ‘स्वादिष्ठ’ ही सख्खी चुलत भावंडे ठरतात. मराठीत येता येता ‘ठ’चा ‘ट’ झाला आणि ‘सर्वांत गोड’ हा अर्थ झिजून नुसता ‘चवदार’ उरला, म्हणूनच आपण ‘सर्वांत स्वादिष्ट’ असे बिनदिक्कत म्हणतो. ‘श्रेष्ठतम’ या शब्दात ‘इष्ठ’ आणि ‘तम’ दोन्ही आल्याने त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकातील ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ आठवावे. तेथेही पराकाष्ठा दोनदा दाखवलेली आहे.

‘गुड’ची आडवाटही नवी नाही. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पाचव्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे, की ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ हे प्रत्यय पुढे आले असता ‘प्रशस्य’ (प्रशंसनीय) या शब्दाच्या जागी ‘श्र’ येतो. त्यातूनच ‘श्रेयस्’ आणि ‘श्रेष्ठ’ सिद्ध होतात. ‘युवन्’ (तरुण) किंवा ‘अल्प’ यांच्या जागी विकल्पाने ‘कन्’ येऊन ‘कनिष्ठ’ होतो.

अशा आडवाटांनाही शिस्त असते. जोनाथन बोबालिक या भाषाशास्त्रज्ञाने 300हून अधिक भाषा तपासून 2012मध्ये असे मांडले, की तुलनेच्या दुसऱ्या पायरीवर मूळ शब्द बदलला, तर तिसऱ्या पायरीवर तो परत येत नाही. म्हणजे ‘गुड, बेटर, गुडेस्ट’ अशी रचना कोणत्याही भाषेत रुळलेली आढळत नाही. त्यांच्या मते ‘बेस्ट’च्या घडणीतच ‘बेटर’ दडलेला असतो, त्यामुळे त्याला वळसा घालून ‘गुड’कडे परतता येत नाही. तिसऱ्या पायरीवर आणखी वेगळाच शब्द आलेला मात्र चालतो: लॅटिनमध्ये ‘चांगला’ म्हणजे ‘बोनुस’, ‘अधिक चांगला’ म्हणजे ‘मेलिओर’ आणि ‘सर्वांत चांगला’ म्हणजे ‘ऑप्टिमुस’.