कल्पित नगरीच्या नदीमागे: मिठीची पार्श्वभूमी

फँटसी कादंबरीसाठी किंवा पटावरच्या खेळासाठी शहर रचताना आधी किल्ला, बाजार, देवळं मांडली जातात आणि उरलेल्या जागेतून नदीची निळी रेघ ओढली जाते. ती नदी खोटी वाटते, कारण तिला भूतकाळ नसतो. शहरातल्या नदीचा आकार निम्मा डोंगर ठरवतो, निम्मा माणसं. मुंबईकरांना याचा नमुना घरचाच आहे: मिठी.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांचं पाणी साकीनाका, कुर्ला, धारावी असं सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीत जातं. यातला ‘सांडवा’ हा शब्द महत्त्वाचा. शहराची तहान भागवायला विहारचं धरण 1860 मध्ये पुरं झालं, पवईचं 1891 मध्ये. तेव्हापासून नदीला वरचं पाणी मिळतं ते तलाव भरून वाहिले की, म्हणजे पावसाळ्यातच. पाऊस सरला की पात्रात मुख्यतः सांडपाणी उरतं. गाळ ढकलून न्यायला धार नसते, तो जागीच बसतो आणि दर उन्हाळ्यात पोकलेन उतरवून उपसावा लागतो. तुमच्या नगरीत वर तलाव बांधलात, तर खाली गाळ उपसणारी माणसंही हवीत.

मुखाशी 1845 मध्ये माहीम-वांद्रे कॉजवे झाला. त्याआधी खाडी होडीनं ओलांडावी लागे. खर्च लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला. सोय मोठी झाली, पण भरावामुळे पाण्याला पुलाखालची तेवढीच वाट उरली.

मधल्या टप्प्यात विमानतळ वाढला तशी नदी धावपट्टीखालून, काटकोनी वळणांतून नेली गेली. अशा वळणावर पाणी बाहेरच्या भिंतीवर आदळतं, आतल्या कोपऱ्यात वेग मरतो आणि तिथेच गाळाचा ढीग साचतो. वरच्या अंगाला पाणी फुगतं. पुढे 1970च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणं भरली गेली. भरतीचं पाणी पसरायचं ते याच जागी.

गणित मांडून बघा. मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला निम्माच वाहून येईल, या हिशेबावर बांधलेले. म्हणजे एका चौरस किलोमीटरवरून तासाला 12,500 घनमीटर. बाकीचं माती पिईल हे गृहीत होतं. जमीन पुरती फरसबंद झाली की तेच 25,000. पाऊस दुप्पट पडला की 50,000. पात्र मात्र तेवढंच, खरं तर आणखी अरुंद.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला अवघा 73. त्याच दुपारी 4.48 मीटरची भरती होती. नदीला खाडीत उतरता येईना. कुर्ला, कलिना पाण्याखाली गेले. पूर नकाशावर असाच दाखवावा: एक टोक बुडालेलं, दुसरं नुसतं भिजलेलं.

मुखाशी दार बसवायचंच, तर वरच्या कडेला बिजागरी असलेली झडप बसवा. ओहोटीला नदीच्या दाबानं ती बाहेर उघडते, भरतीला समुद्रच तिला मिटवतो. एखादा ओंडका उंबऱ्यात अडकला तरी फट राहते आणि खारं पाणी आत शिरतं. शिवाय झडप मिटलेली असताना पाऊस कोसळला, तर ओहोटी लागेपर्यंत ते पाणी थोपवायला आतल्या बाजूला मोकळं तळं लागतं. ते तळं बाजाराच्या आधी काढा.