वेदनाशामकानेच वाढणारी वेदना : एका जुन्या शंकेची पार्श्वभूमी

एडिंबरोचे डॉ. अलेक्झांडर वुड यांनी १८५३ च्या सुमारास मज्जातंतूंच्या कळांवर त्वचेखाली सुई टोचून अफूपासून काढलेले मॉर्फीन द्यायला सुरुवात केली. अफू पोटात घेतल्याने व्यसन लागते तसे सुईने लागत नाही, असा समज त्यानंतर बरीच वर्षे अनेक डॉक्टर बाळगून होते. या समजाला धक्का देणाऱ्यांपैकी एक म्हणजे लीड्सचे क्लिफर्ड ऑलबट. ताप मोजण्याची लांबलचक नळी सहा इंचांवर आणणारे हेच ते डॉक्टर. आपले काही रुग्ण दीर्घकाळ सुया घेऊनही बरे होण्याचे नाव घेत नाहीत आणि तरीही सुईवाचून जगणे असह्य होईल असे सांगतात, हे त्यांनी १८७० साली लिहिले. जी वेदना शमवण्याचा मॉर्फीन आव आणते, तिलाच ते खतपाणी घालते की काय, अशी शंकाही त्यांनी त्याच लेखात मांडली.

ही शंका नंतर मागे पडली. १८७७ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड लेविनश्टाइन यांचा मॉर्फीनच्या व्यसनावरील ग्रंथ आला, चर्चा व्यसनाकडे वळली, आणि वाढत्या मात्रेचे कारण म्हणून ‘शरीराला औषधाची सवय झाली’ एवढे उत्तर पुरेसे मानले गेले. औषधाची नुसती सवय झालेली असो वा औषधाने वेदनाच वाढलेली असो, रुग्णाच्या तोंडून दोन्ही अवस्थांत एकच तक्रार ऐकू येते, की पूर्वीच्या मात्रेने आता भागत नाही. फरक पुढे दिसतो. नुसती सवय झाली असेल तर मात्रा वाढवल्यावर दुखणे दबते. पण मज्जासंस्थाच हळवी झाली असेल, तर वाढीव मात्रेने दुखणे बळावते, मूळ जागा सोडून आजूबाजूला पसरते आणि साधा स्पर्शही झोंबू लागतो.

या दुसऱ्या अवस्थेला प्रयोगशाळेतला भक्कम आधार मिळायला विसावे शतक सरत आले. माओ, प्राइस आणि मेयर यांनी १९९४ मध्ये दाखवले, की मॉर्फीनला सरावलेले उंदीर उष्णतेपासून पंजे अधिक लवकर मागे घेतात, आणि एनएमडीए ग्राहक (चेतापेशींवरचे, वेदनेचे संदेश तीव्र करणारे रेणू) रोखणारे औषध सोबत दिल्यास सवय आणि हळवेपणा दोन्ही टळतात. माणसांत, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या औषधावर असलेले लोक बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात इतरांपेक्षा लवकर बाहेर काढतात, असे आढळले. २००० साली फ्रान्समध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांवेळी रेमिफेंटानिल या मॉर्फीनच्याच जातीच्या वेदनाशामकाची मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णांना नंतर लहान मात्रा मिळालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट मॉर्फीन लागले.

नवल याचे, की नेमक्या याच काळात, १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही मॉर्फीनच्याच जातीची वेदनाशामक गोळी बाजारात आल्यावर, अमेरिकेत दुखणे आटोक्यात येत नसेल तर मात्रा वाढवा, असाच सल्ला सर्रास दिला जात होता. मोठ्या मात्रांबाबत तेथील रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांना सावधगिरीच्या सूचना दिल्या त्या २०१६ मध्ये.

जुनाट दुखण्याच्या रुग्णांत हा हळवेपणा नेमका किती आढळतो, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. त्याची खात्री करायची तर मात्रा कमी करून पाहावी लागते, आणि मात्रा उतरवताना अंग दुखतेच. त्यामुळे ते दुखणे मूळ आजाराचे, औषध सुटल्याचे की औषधानेच वाढवलेले, हे पहिल्या काही दिवसांत डॉक्टरलाही सांगता येत नाही.