ब्रेसिंग आहे, मग ताण कशाला?

चिंचोली असो की अक्कलकोट रोड, एमआयडीसीत पीईबी शेड (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायची स्टीलची शेड) उभी राहत असली की हे वाक्य कानावर पडतंच: "साहेब, ड्रॉइंगात ब्रेसिंग दिलंय की, वर ताण कशाला?" ताणाचा दोर आणि ब्रेसिंगचे रॉड दोन्ही तिरके, दोन्ही सांगाडा धरतात, म्हणून दोन्ही एकच. इथेच घात होतो.

ताण सोलापूरकराला शिकवायला नको. गड्ड्याच्या जत्रेत तंबूचा उंच खांब चहूबाजूंनी ताणल्याशिवाय कुणी हातातून सोडत नाही. साइटवर त्यालाच गाय-रोप म्हणतात: वायर रोप, तो आवळायचा स्क्रू म्हणजे टर्नबकल, आणि काम झालं की काढून घ्यायचा. ब्रेसिंग म्हणजे कायमचे रॉड नाहीतर अँगल. बाकी जाडी-रंगाचे फरक सोडून द्या.

महत्त्वाचं हे, की ब्रेसिंग प्रत्येक फ्रेमला (दोन खांब आणि त्यांवरच्या तिरक्या तुळया, म्हणजे रॅफ्टर) नसतं. लांब शेडमध्ये ते मोजक्या बेमध्येच (दोन फ्रेममधल्या गाळ्यातच) असतं; उरलेल्या फ्रेम पर्लिन (छताचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि स्ट्रट (फ्रेमना जोडणाऱ्या आडव्या दांड्या) यांच्या आधाराने त्या बेला धरून राहतात. पर्लिन लागलेच नसतील, तर दुसऱ्या बेमधलं ब्रेसिंग सातव्या फ्रेमच्या काय कामाचं? वर ते रॉड बऱ्याचदा नुसते अडकवलेले असतात, "शेवटी आवळू" म्हणून.

आता एकटी फ्रेम कशी असते बघा. अंगणात शिडी सरळ उभी करून सोडा. डावी-उजवीकडे ती तग धरेल, पुढे-मागे लगेच जाईल. फ्रेमचंही तेच. स्पॅनच्या दिशेने दणकट, शेडच्या लांबीच्या दिशेने लुळी. खाली खांबाच्या तळाच्या प्लेटचे, म्हणजे बेसप्लेटचे, चार अँकर बोल्ट जवळजवळ, प्लेटखालचा सिमेंटचा भराव (ग्राउट) अजून व्हायचा. त्यात मे महिन्यातली संध्याकाळ आणि वळवाचा वारा.

म्हणून सुरुवात ब्रेसिंगच्या बेपासून करायची. पहिल्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी ताण बसल्याशिवाय क्रेनचा हूक सुटता कामा नये. शेजारची फ्रेम, मधले पर्लिन, रॉड, ओळंबा, आवळणी एवढं झालं, की मग पुढची फ्रेम. अमेरिकेच्या ओशाचा (तिथल्या कामगार-सुरक्षा संस्थेचा) नियम तर रिजिड फ्रेमचे निदान ५० टक्के बोल्ट, किंवा उत्पादकाने सांगितलेले, यांतले जे जास्त असतील तेवढे आवळल्याशिवाय क्रेन सोडू देत नाही. आपल्याकडेही स्टील उभारणीसाठी आयएस ७२०५ हे सुरक्षा मानक आहे, १९७४ पासून. साइट ऑफिसात त्याची प्रत मागून बघा, चहा नक्की मिळेल.

मला सर्वांत जास्त चीड येते ती एकाच बाजूच्या ताणाची. दोर फक्त ओढतो, ढकलत नाही. वारा उलटा फिरला की तो सैल पडतो. नायलॉनची दोरी, ताणाचं टोक जेसीबीच्या बकेटला, ट्रक आत घ्यायचा म्हणून "दहा मिनिटं" सोडलेला ताण, हे सगळं त्याच माळेतलं.

आणि हार्नेसचा (उंचावरून पडू नये म्हणून अंगात घालायच्या पट्ट्यांचा) हूक पर्लिनला अडकवणारे! जाणकार इंजिनिअरने लेखी मान्यता दिली नसेल, तर तो अँकर नव्हे. रॅफ्टरवर लाइफलाइन (हूक अडकवायचा दोर) टाकून घ्या, तीसुद्धा फ्रेमचे ताण बसल्यावर.