सुपरहिरो चित्रपटांतील वैज्ञानिक सुसंगती आणि कथातर्क

सुपरहिरो चित्रपटातील घटना दोन कसोट्यांवर तपासल्या जातात. वस्तुमान, ऊर्जा, संवेग, गुरुत्व यांच्या ज्ञात नियमांशी घटनेचा किती मेळ बसतो, ही वैज्ञानिक सुसंगतीची कसोटी. चित्रपटाने स्वतः घालून दिलेले नियम, शक्तीच्या मर्यादा आणि पात्रांचे हेतू शेवटपर्यंत पाळले जातात का, ही कथातर्काची. उडणारा माणूस पहिल्या कसोटीला उतरणार नाही, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असते आणि ते त्याने मान्य केलेले असते. तोच प्रेक्षक पुढे एखाद्या साध्या गोष्टीवर अडून बसतो: हाती सापडलेल्या नायकाला खलनायकाने जिवंत का सोडले? त्याचे अडणे रास्त आहे. शक्ती अशक्य असली तरी चालते, पण तिची मर्यादा खरी वाटावी लागते, कारण प्रसंगातली सगळी भीती त्या मर्यादेवर उभी असते.

हा प्रश्न चित्रपटकलेहून फार जुना आहे. शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी घटना कवीने निवडावी, असे ॲरिस्टॉटलने काव्याच्या विवेचनात सांगितले. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त रसभंगाचे कारण अनौचित्यात दाखवले. तेथे त्याने दिलेले उदाहरण आजच्या पडद्यालाही तंतोतंत लागू पडते. केवळ मानुष असलेल्या राजाच्या वर्णनात सात समुद्र ओलांडण्यासारखे पराक्रम घातले, तर ते कितीही सुरेख रचले तरी नीरसच होतात. दिव्य आणि मानुष यांचा संयोग असलेल्या कथेत, पांडवांच्या कथेप्रमाणे, दोन्ही प्रकारचे औचित्य चालते. सुपरमॅन या दुसऱ्या वर्गातला आहे, तर बॅटमॅन केवळ मानुष. म्हणून सुपरमॅनने पर्वत पेलला तर कोणी हरकत घेत नाही. मात्र ‘द डार्क नाइट राइझेस’ (२०१२) मध्ये मणका सरकलेला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, तुरुंगात दोरीला टांगून आणि पाठीवर ठोसा मारून बरा होतो, पुढे पूल उडवून तोडलेल्या शहरात कसा शिरला हेही न सांगता हजर होतो, तेव्हा अनेकांचे मन तेथे अडते. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये वाचकाच्या ‘स्वेच्छेने बाजूला ठेवलेल्या अविश्वासा’ची कल्पना मांडली. चित्रपटांच्या चर्चेत तिचाच उल्लेख जास्त होतो, पण पात्राच्या प्रकारानुसार अपेक्षा बदलते हे आनंदवर्धनाचे निरीक्षण या विषयाला अधिक उपयोगी आहे.

आकार आणि वस्तुमान

या चित्रपटप्रकाराचा पाया जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात घातला गेला. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्यात सुपरमॅनच्या बळाची शास्त्रीय उपपत्तीही दिली होती: मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते, नाकतोडा स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट उडी मारतो, मग परग्रहावरचा माणूस का नाही? त्या काळी तो उडतही नव्हता, फक्त लांब उड्या मारत होता. पुढे त्याच्या मूळच्या क्रिप्टन ग्रहाच्या प्रबळ गुरुत्वाचे कारण आले आणि त्यानंतर पिवळ्या सूर्याच्या प्रकाशाचे. पहिली उपपत्ती ऐकायला सर्वांत शास्त्रीय वाटते, पण प्रत्यक्षात तीच चुकीची आहे.

त्याचे कारण गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिले आहे. सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढवलेल्या शरीराचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, पण हाडांची आणि स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दहापट झाली की ताकद शंभरपट आणि वजन हजारपट होते. मुंगी बलवान आहे ती लहान असल्यामुळे. तिला माणसाएवढी केली तर तिला स्वतःचे शरीरही पायांवर पेलणार नाही. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ (२०१६) मध्ये अँट-मॅन अवाढव्य होऊन विमानतळावर लढतो. त्याच्या मांडीच्या हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर नेहमीच्या सुमारे दहापट भार येईल आणि पहिल्याच धावेत ते हाड मोडेल.

भिंतीवर चढण्याचेही हेच गणित आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कोळ्यांपासून पालींपर्यंतच्या प्राण्यांच्या चिकट तळव्यांची तुलना करून २०१६ मध्ये दाखवले की, माणसाला पालीच्या रीतीने भिंतीला चिकटून राहायचे असेल तर शरीराच्या सुमारे ४० टक्के पृष्ठभागावर चिकट गाद्या लागतील. वजन घनाने वाढते आणि चिकटणारा पृष्ठभाग वर्गाने, त्यामुळे प्राणी मोठा होत जातो तसा तळव्यांचा वाटा वाढवावा लागतो. स्पायडर-मॅनची बोटांची टोके यात कुठेच पुरत नाहीत.

उलट बाजूने, आकार घटवताना, ‘अँट-मॅन’ (२०१५) एक नियम स्वतःहून जाहीर करतो: अणूंमधले अंतर कमी होते, वस्तुमान तेच राहते, म्हणून मुंगीएवढ्या नायकाचा ठोसा पूर्ण माणसाच्या जोराचा असतो. हा नियम गंभीरपणे घेऊन हिशेब केला तर निष्कर्ष थरारक निघतात. उंची शंभराव्या हिश्श्यावर आली तर आकारमान दहा लाखाव्या हिश्श्यावर येते आणि शरीराची घनता श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या अतिघन ताऱ्याच्या, घनतेच्या जवळ पोहोचते. तळव्यांचे क्षेत्रफळ दहा हजारपट घटल्यामुळे जमिनीवरचा दाब सुमारे २०० मेगापास्कल होतो. नेहमीचे बांधकामाचे काँक्रीट २० ते ४० मेगापास्कलला चिरडते. म्हणजे हा नायक प्रत्येक पावलागणिक फरशीत रुतला पाहिजे. पडद्यावर तो मुंगीच्या पाठीवर बसून उडतो आणि त्याचे गुरू हँक पिम खराखुरा रणगाडा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून खिशात वागवतात. येथे चित्रपट भौतिकशास्त्राला सोडतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःच्या नियमालाही सोडतो. तरीही हा चित्रपट मोडून पडत नाही. नायकाचे वजन किती यावर एकाही निर्णायक प्रसंगाचा ताण उभा केलेला नाही, हे त्याचे खरे कारण. विसंगती आहे का, एवढे विचारून भागत नाही. ती कुठल्या खांबाखाली आहे, हे पाहावे लागते.

पडणे आणि झेलणे

उंचावरून पडणाऱ्या व्यक्तीला अलगद झेलणे हा या प्रकारातला सर्वांत लाडका आणि सर्वांत फसवा प्रसंग आहे. इजा पडण्याने होत नाही, एकदम थांबण्याने होते. ९० मीटर खाली आलेल्या माणसाचा वेग, हवेचा विरोध सोडून दिला तर, ताशी सुमारे १५० किलोमीटर असतो. पोलादी हातांनी त्याला जागच्या जागी थांबवले काय आणि जमिनीने थांबवले काय, परिणाम सारखाच. हा वेग गुरुत्वीय त्वरणाच्या पाचपट मंदनाने उतरवायचा असेल, तर झेलल्यावर आणखी सुमारे १८ मीटर त्या व्यक्तीसह खाली जात हळूहळू थांबावे लागते. ‘सुपरमॅन’ (१९७८) मध्ये हेलिकॉप्टरमधून पडणारी लोइस लेन सुपरमॅनला विचारते की, तिला त्याने धरले आहे, पण त्याला कोणी धरले आहे? प्रश्न गमतीने घातला असला तरी संवेगाच्या नियमाचा तोच गाभा आहे. आधाराशिवाय हवेत ढकलायला काही नसते.

कॉमिक्सच्या इतिहासात हा हिशेब एकदा एका पात्राच्या मृत्यूपर्यंत गेला. जून १९७३ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १२१ मध्ये पुलावरून खाली फेकलेल्या आपल्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पीटर पार्कर (म्हणजे स्पायडर-मॅन) जाळ्याने पकडतो, पण ती मेलेली असते. चित्रात तिच्या मानेजवळ हाड मोडल्याचा बारीक ध्वनिशब्द आहे आणि पुढे संपादकांनी झटक्याने थांबल्यामुळेच मृत्यू झाल्याचे स्पष्ट केले. मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालियोस यांनी ९० मीटरचे पडणे आणि अर्ध्या सेकंदात थांबणे गृहीत धरून गणित केले, तेव्हा तिच्या शरीरावर वजनाच्या जवळजवळ दहापट बल आले असते असे निघाले. या प्रकारातील विज्ञानाच्या वापराचे इतके समर्थ उदाहरण दुसरे नाही. नियम पाळल्याने येथे कथा अडली नाही. उलट वाचवणाऱ्याच्याच हातून घात झाल्याचे ओझे पीटरच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर आले.

जडत्वाची ही जाण मोजक्या चित्रपटांत दिसते. ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०१४) मध्ये अतिवेगाने मॅग्नेटोला घेऊन पळण्यापूर्वी क्विकसिल्व्हर त्याची मान हाताने धरतो, जेणेकरून झटका बसू नये. एका हालचालीत त्याचा वेग खरा वाटू लागतो. याउलट ‘आयर्न मॅन’ (२००८) मध्ये टोनी स्टार्क आपल्या पहिल्या ओबडधोबड चिलखतासह आकाशातून वाळवंटात आदळतो आणि उठून चालू लागतो. चिलखत फुटले नाही म्हणून आतला मेंदू कवटीवर आपटायचा थांबत नाही. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतः बसून गुरुत्वाच्या ४६ पट मंदन सहन केले. तेही पट्ट्यांनी घट्ट जखडून आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊन. लेस्टर विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बॅटमॅनच्या ताणलेल्या अंगरख्याचेही गणित केले आहे: १५० मीटर उंच इमारतीवरून तो तरंगत जाईल खरा, पण जमिनीवर ताशी ८० किलोमीटर वेगाने आपटेल. त्याच विद्यापीठात दुसऱ्या गटाने मात्र ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधील आगगाडी थांबवण्याचा प्रसंग तपासला आणि कोळ्याच्या रेशमाची ताकद त्यासाठी पुरेशी असल्याचे आढळले. जो प्रसंग सर्वांत अतिरंजित वाटतो, तोच धाग्याच्या बाबतीत हिशेबाला उतरतो.

विज्ञान सल्लागार

अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने २००८ मध्ये चित्रपटकर्मी आणि शास्त्रज्ञ यांची गाठ घालून देणारा उपक्रम सुरू केला. ‘थॉर’ (२०११) साठी अशी चर्चा झाली. कॉमिक्समध्ये परिचारिका असलेली जेन फॉस्टर या चित्रपटात खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाली आणि देवलोकाच्या पुलाला १९३५ मधील आइन्स्टाइन-रोझेन सेतूचे, म्हणजे अवकाशातील दूरची दोन ठिकाणे जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्याचे, नाव मिळाले. ‘अँट-मॅन’ला कॅलटेकचे स्पायरीडॉन मिखालाकिस यांनी, तर ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ (२०१२) ला काकालियोस यांनी सल्ला दिला. त्या चित्रपटात फळ्यावर दिसणारे समीकरण काकालियोस यांनी रचले. सल्लागाराच्या हाती पटकथेचा कणा क्वचितच असतो. त्याच्याकडून शब्द, समीकरणे, प्रयोगशाळेचे नेपथ्य घेतले जाते. जेन फॉस्टरचा बदल यात वेगळा, कारण तेथे विज्ञान पात्राच्या हेतूत शिरले.

कथातर्क

कथातर्काचा भंग अनेकदा विज्ञानाच्या मुखवट्याआडून येतो. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) मधील सूक्ष्मतरंगांचे यंत्र जमिनीखालच्या नळांतले पाणी वाफ करून टाकते, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसांना काही होत नाही. माणसाच्या शरीरात सुमारे ६० टक्के पाणी असते. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मधला थॅनोस विश्वातली निम्मी जीवसृष्टी नष्ट करून साधनसंपत्तीचा प्रश्न सोडवू पाहतो. तेव्हा पृथ्वीवर सुमारे ७.६ अब्ज माणसे होती आणि ३.८ अब्ज ही संख्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. म्हणजे एवढा संहार करून मिळतात ती जेमतेम पाच दशके, शिवाय साधनसंपत्ती म्हणून उपयोगी पडणारे प्राणी आणि वनस्पतीही अर्ध्यावर येतात. हा दोष काही प्रमाणात पात्राच्या खात्यावर टाकता येतो, कारण थॅनोस आपल्या कल्पनेने झपाटलेला आहे आणि त्याचा हट्ट चित्रपटभर एकसारखा राहतो. खटकते ते हे की, त्याच्याशी वाद घालणाऱ्या एकाही पात्राला हा हिशेब सुचत नाही.

सर्वांत मोठी हानी करते ती एकदा वापरून विसरलेली शक्ती. १९७८ च्या ‘सुपरमॅन’च्या शेवटी लोइसचा मृत्यू होतो आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती उलट दिशेने घिरट्या घालून काळ मागे फिरवतो. पृथ्वी उलटी फिरल्याने काळ उलटा फिरत नाही, हा आक्षेप दुय्यम आहे. खरा प्रश्न पुढचा: हे जमत असेल तर यापुढे कुठल्याही अपघाताची, कुणाच्याही मृत्यूची भीती का वाटावी? मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याची वडिलांची आज्ञा मोडताना तो तडफडतो, ते खरे आहे. पण आज्ञाभंगाची किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही. जी शक्ती शेवटच्या प्रसंगात कथा सोडवते, तिची मर्यादा आधीच दाखवलेली असावी आणि तिचा भार नंतरही जाणवावा, एवढी अपेक्षा प्रेक्षकाने ठेवणे न्याय्य आहे.

एकाच विश्वात गुंफलेल्या चित्रमालिकांमुळे ही जबाबदारी आणखी वाढली. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ (२०१७) मधील ‘आठ वर्षांनंतर’ ही पाटी मालिकेतल्या इतर चित्रपटांच्या कालक्रमात बसत नाही. अशा चुका किरकोळ असतात. काळप्रवासाच्या नियमातली संदिग्धता किरकोळ नसते. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) स्पष्ट सांगतो की, भूतकाळात केलेल्या बदलाने आपला वर्तमान बदलत नाही, बदलातून निराळी शाखा फुटते. मग स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, भूतकाळात राहून आयुष्य जगतो आणि म्हातारा होऊन मूळ काळातल्या बाकावर बसलेला दिसतो. दिग्दर्शक रुसो बंधूंच्या मते तो दुसऱ्या शाखेत जगला आणि तेथून परतला. पटकथाकार क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांच्या मते तो सगळा काळ मूळ कालप्रवाहातच होता. दुसरे मत मानले, तर आधीच्या चित्रपटांतील त्याच्या प्रेयसीच्या, पेगी कार्टरच्या, नवऱ्यापासून ते हायड्रा या खलसंघटनेच्या घुसखोरीपर्यंत अनेक घटना स्टीव्हच्या डोळ्यांदेखत घडल्या आणि तो गप्प राहिला, असे होते. पहिले मानले, तर तो परत कोणत्या मार्गाने आला याचे उत्तर चित्रपटात दिलेले नाही.