मागाची खटकी आणि ‘मुलींची लस’

माझ्या ओळखीतला २३ वर्षांचा एक समलिंगी मुलगा सोलापुरातल्या एका औषध दुकानात एचपीव्हीची लस विचारायला गेला. दुकानदार म्हणाला, “अरे, ती मुलींची लस.” मुलगा मुकाट्याने परत आला. मला ते फार लागलं.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. या विषाणूशी आपल्या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या ज्या मोठ्या अभ्यासात भाग घेतला, त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगासमोर आलं. त्यामुळे हा बायकांचाच आजार, असं डोक्यात बसलं. पण गर्भाशयमुखाशी दोन प्रकारच्या पेशींच्या अस्तरांचा जसा सांधा असतो, तसाच तो गुदमार्गातही असतो, आणि तिथेही या विषाणूमुळे कर्करोग होतो. समलिंगी पुरुषांत त्याचं प्रमाण इतर पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. एचआयव्ही असेल तर आणखी जास्त.

तो होतो कसा? पॉवरलूमवर आडवा धागा तुटला की एक खटकी पडते आणि माग थांबतो. पेशीतही अशी खटकी असते : पी-५३ हे प्रथिन. डीएनएत बिघाड दिसला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, वेळ पडली तर पेशीला मरायला लावतं. एचपीव्हीकडे स्वतःची नक्कल काढायची पुरेशी यंत्रणा नाही, ती तो पेशीकडून वापरतो. पण त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, म्हणजे माग बंद! मग विषाणूचं ई-७ प्रथिन ‘आरबी’ नावाचा ब्रेक सैल करतं आणि माग सुरू होतो. अशा वेळी पी-५३ची खटकी पडायला हवी. पण विषाणूचं दुसरं प्रथिन, ई-६, पी-५३लाच नष्ट करवतं. आता धागे तुटत राहतात आणि कापड विणलं जात राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर कर्करोग. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत; मुख्य दोषी प्रकार १६ आणि १८. बहुतेकांचं शरीर मात्र एक-दोन वर्षांत विषाणूला आवरतं.

प्रकार ६ आणि ११ चामखिळी आणतात. गुदद्वाराशी आल्या की लोक मूळव्याध समजून भिंतीवरच्या ‘खात्रीशीर इलाज’वाल्याकडे जातात, नाहीतर घोड्याचा केस बांधतात, चुना लावतात. त्या नाजूक जागी चुन्याने भाजतं, विषाणू तिथेच राहतो.

कंडोम धोका कमी करतो, पण विषाणू त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो. म्हणून लस हवी. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत तरुणींच्या चामखिळी घटल्या, त्यांच्याशी संबंध येणाऱ्या पुरुषांच्याही घटल्या. समलिंगी पुरुषांच्या घटल्या नाहीत. मुलींना दिलेल्या लसीची सावली त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ या चारही प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही आहे. वयाची पंधरा वर्षं झाल्यावर सुरू केली तर तीन डोस. झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून लवकर घेतलेली बरी. मी त्या मुलाला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पहिला डोस झालाय.