आव्यातला घट तोच राहतो का?

कुंभाराने घडवलेला कच्चा घट काळसर असतो, आव्यातून, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीतून, निघतो तो लाल. मधल्या वेळात आत काय घडलं, यावर न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांचा वाद मध्ययुगभर चालला. नैयायिकांचं म्हणणं, घट तोच आहे, फक्त रंग बदलला. वैशेषिकांचं म्हणणं, आत गेलेला घट आतच नष्ट झाला आणि बाहेर आला तो दुसरा. पहिलं मत पिठरपाकवाद, दुसरं पीलुपाकवाद. पिठर म्हणजे भांडं, पीलु म्हणजे परमाणू; कोण भाजलं जातं, एवढाच वरवरचा फरक. पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे: कालची वस्तू आज तीच आहे, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

वैशेषिकांचं मत पहिल्यांदा ऐकताना नुसतं तर्कट वाटतं. ते तसं नाही. त्यामागे बौद्धांशी घेतलेली झुंज आहे. बौद्ध म्हणत, कापड नावाची वेगळी वस्तूच नाही, आहेत ते तंतू. न्याय-वैशेषिकांनी उत्तर दिलं की तंतू एकत्र आले की त्यांच्याहून वेगळी, एक, नवी वस्तू जन्माला येते. तिला त्यांनी अवयवी म्हटलं. न्यायसूत्रांतला त्यांचा पुरावा अगदी हाताशी असलेला आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, वाळूच्या ढिगाचं तसं होत नाही.

या उत्तराची किंमत मात्र जबर होती. कापड जर अमुक तंतूंच्या संयोगातून जन्मलं, तर तो संयोग मोडताच ते संपलं पाहिजे. म्हणून एक धागा उपसला की जुना पट नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांतून ‘खंडपट’ उत्पन्न होतो, हे मान्य करावं लागलं. परिमाणाचंही तेच. वस्तूचं आकारमान ती वस्तू गेल्याशिवाय जात नाही, असा नियम. तेव्हा लहानाची मोठी झालेली वस्तू ही नवी वस्तू.

आता आव्याकडे येऊ. साधारण सहाव्या शतकातले वैशेषिक आचार्य प्रशस्तपाद यांनी ‘पदार्थधर्मसंग्रहा’त सगळा क्रम लावून दिला आहे. अग्नीच्या आघाताने परमाणूंत हालचाल होते, ते एकमेकांपासून सुटतात, संयोग तुटतो, घट नष्ट होतो. सुट्या परमाणूंवर अग्नीचा संयोग होऊन काळा रंग जातो, पुढच्या संयोगाने लाल येतो. मग जे जीव तो घट पुढे वापरणार त्यांच्या अदृष्टामुळे, म्हणजे पूर्वकर्मांच्या न दिसणाऱ्या संचितामुळे, परमाणू पुन्हा हलतात, जुळतात, दोन-दोन परमाणूंची द्व्यणुकं होतात आणि पायरीपायरीने नवा घट उभा राहतो. एवढा खटाटोप कशासाठी? कारण अवयवीचा रंग अवयवांच्या रंगातून येतो, हा त्यांचा नियम. घट अखंड असेल तर अग्नी आतल्या-बाहेरच्या सगळ्या अवयवांना एकदम भिडू शकत नाही. आणि आत शिरलाच, तर शिरता शिरता घट मोडतो. नियम सोडायचा नसेल तर घट सोडावा लागतो, आणि वैशेषिकांनी घट सोडला. मला यात हट्टापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

पुढच्या ग्रंथांत या प्रक्रियेला नऊ क्षण लागतात, दहा की अकरा, याचीही बारीक मोजदाद आहे. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त एक श्लोक येतो: द्वित्व (दोनपणा), पाकज गुण (भाजण्यातून आलेले गुण) आणि विभागज विभाग (एका वेगळं होण्यातून घडणारं दुसरं वेगळं होणं) या तिन्हींत ज्याची बुद्धी अडखळत नाही, तोच खरा वैशेषिक.

दहाव्या-अकराव्या शतकात वादाला धार चढली. बंगालमधल्या राढ भागातल्या श्रीधरांची ‘न्यायकंदली’ शके ९१३ची, म्हणजे इ.स. ९९१ची. मिथिलेचे उदयन याच सुमाराचे. दोघांनीही प्रशस्तपादांच्या ग्रंथावर विवरण लिहिलं, दोघांनीही पीलुपाकाची बाजू राखली. पण उदयनांना दुसऱ्या आघाडीवरही लढायचं होतं. विक्रमशीला विहारातले बौद्ध पंडित ज्ञानश्रीमित्र सांगत होते की जे आहे ते सगळं क्षणिक आहे. कोठारातलं बी अंकुर देत नाही, शेतातलं देतं. समर्थ आणि असमर्थ एकच कसं असेल? म्हणून बी क्षणोक्षणी वेगळं. ‘आत्मतत्त्वविवेका’त उदयन म्हणतात, बी तेच, माती-पाण्याची साथ कोठारात नव्हती, शेतात मिळाली. एका आघाडीवर बी टिकवायचं आणि दुसरीकडे आव्यातला घट जाऊ द्यायचा, ही वैशेषिकांची खरी अडचण होती.

नैयायिकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आव्यात मडक्यांवर मडकी रचलेली असतात. खालची विरघळली तर वरची कोसळायला हवीत. फटीतून पाहिलं तर घट दिसतो, तोही त्याच आकाराचा. सतराव्या शतकातल्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त हे मत मोजक्या शब्दांत आहे: अवयवी सच्छिद्र असतो, अग्नीचे सूक्ष्म कण आत शिरतात, तेव्हा घट न मोडता भाजता येतो. असंख्य घट मारून पुन्हा जन्माला घालण्याचा भार उगाच कशाला वाहायचा? शिवाय ‘तोच हा घट’ ही ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, शाबूत राहते.

बौद्धांना हे पटणारं नव्हतं. दिव्याची ज्योतही ‘तीच’ वाटते, कापून पुन्हा वाढलेले केसही. नैयायिकांचं उत्तर असं की तिथे ओळखीला बाध आणणारं प्रमाण आहे, तेल संपताना दिसतं. घटाच्या बाबतीत तसं काही नाही.

मुक्तावलीकार पुढे कबूल करतात की जिथे प्रत्यभिज्ञा होत नाही, तिथे अवयवीचा नाश मानायला हरकत नाही. शरीराच्या बाबतीत तर ते स्वतःच नाशाच्या बाजूचे. अवयव वाढतात, झिजतात, त्यामुळे बालपणीचं शरीर म्हातारपणी उरत नाही. आणि तरीही लहानपणी पाहिलेलं आठवतं, म्हणून आठवणारा शरीराहून वेगळा असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पण लहानपणचा मित्र भेटला की आपण ‘तोच हा’ म्हणतोच. घटाला वाचवणारी ओळख शरीराला का वाचवत नाही, याचं उत्तर अवयव कमी-जास्त झाले की नाही, या जुन्या वैशेषिक कसोटीकडेच घेऊन जातं.