अपगार गुणांक

अपगार गुणांक (प्रचलित नाव : अपगार स्कोअर) : नुकत्याच जन्मलेल्या बाळाची प्रकृती यंत्राशिवाय, मिनिटाच्या आत पारखण्याची पद्धत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार (१९०९–१९७४) यांनी ती १९५२ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केली.

त्या काळी प्रसूतिकक्षात सगळ्यांचे लक्ष आईकडे असे. बाळाला दुपट्यात गुंडाळून बाजूला ठेवले जाई आणि त्याचा श्वास नीट चालला नसेल, तर ते ध्यानात येईपर्यंत बराच वेळ गेलेला असे. अपगार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात बाळंतिणींना भूल देत. नवजात बाळाची अवस्था ठरवायची कशी, असे एका विद्यार्थ्याने न्याहारीच्या वेळी विचारले आणि त्यांनी हाताशी आलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, अशी हकिगत सांगतात.

हे पाच मुद्दे म्हणजे हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावरची प्रतिक्रिया आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ठोके मिनिटाला १०० किंवा अधिक असतील तर २, त्याहून कमी असतील तर १, ऐकूच आले नाहीत तर शून्य. जोरात रडणाऱ्या बाळाला श्वासाचे २, कण्हत अडखळत श्वास घेणाऱ्याला १. हातपाय मुडपून हलवणारे बाळ चांगले, चिंधीसारखे लोंबणारे काळजीचे. ठोके मोजताना सिस्टर नाळेच्या बुडाशी दोन बोटे ठेवते किंवा स्टेथोस्कोप लावते, सहा सेकंदांत किती पडले ते पाहून दहाने गुणते; कधी दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोक्याबरोबर ताल धरते, म्हणजे डॉक्टरांना विचारावे न लागता वेग कळतो.

रंगाचा मुद्दा सर्वांत डळमळीत. जन्मल्यानंतर काही काळ बहुतेक बाळांचे तळहात-तळपाय निळसरच असतात, त्यामुळे धडधाकट बाळालाही पहिल्या मिनिटाला १० पैकी १० क्वचितच मिळतात. सावळ्या बाळाचा रंग त्वचेवरून नव्हे, तर ओठ, जीभ आणि तळव्यांवरून पाहावा लागतो.

सुरुवातीला गुण फक्त पहिल्या मिनिटाला देत. पाचव्या मिनिटाची भर नंतर पडली. पाचव्या मिनिटाला ७ ते १० गुण समाधानकारक, ४ ते ६ मध्यम आणि ३ किंवा कमी गंभीर मानतात. ७ पेक्षा कमी असल्यास दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत, पुन्हा गुण द्यायचे. बाळ श्वास घेत नसेल तर मात्र गुणांची बेरीज होईपर्यंत कोणी थांबत नाही. उपचार आधीच सुरू होतात. गुण कोणी द्यावेत याविषयी अपगार काटेकोर होत्या : बाळंतपण करणाऱ्याने नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याने. आपल्याच हातचे काम असले की गुण देणाऱ्याचा हात सैल सुटतो.

या आकड्यांनी खुद्द त्यांनाही धक्का दिला. सायक्लोप्रोपेन हा त्यांचा आवडता भूलवायू. पण तो दिलेल्या आयांची बाळे मलूल जन्मतात असे दिसल्यावर त्यांनी बाळंतपणात तो वापरणे सोडले.

डिस्चार्ज कार्डावर ‘८, ९’ असे आकडे पाहून आपल्याकडेही पालक धास्तावतात : दोन गुण गेले कुठे? हा आकडा त्या मिनिटापुरताच असतो. पुढे मूल हुशार निघेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाला तर अपक्वतेमुळेच गुण कमी पडतात.

बाळंतपण घरी होते तेथे ही बेरीज करणार कोण, हा प्रश्न गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर होता. तेथे गावातल्याच आरोग्यदूत बायांना शिकवून तयार केले. पाचाऐवजी तीनच गोष्टी पाहायच्या, जन्मानंतर ३० सेकंदांनी आणि पुन्हा ५ मिनिटांनी : बाळ रडते का, श्वास घेते का, हातपाय हलवते का. घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करण्याच्या या पद्धतीने बालमृत्यू घटल्याचे संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या अशा गृहभेटी देतात. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायला ‘सर्च’ने मण्यांची पाटी केली होती. आकडे न येणारी सुईणही ती वापरू शके : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि मिनिट मोजणाऱ्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे असे समजायचे.